भाजीचा तुकडा लपवा, नाव नका लपवू

प्रश्न असा आला आहे: मुलगा साडेतीन वर्षांचा. वरण-भात, दही-भात, साधी पोळी, दूध आणि बिस्किटं एवढ्यावर त्याचा दिवस निघतो. पोह्यातली कोथिंबीरसुद्धा वेचून ताटाच्या कडेला लावून ठेवतो. सासूबाई म्हणतात, भाज्या वाटून वरणात घाल, त्याला कळणारही नाही. नवरा म्हणतो, ही फसवणूक आहे, भूक लागली की खाईल. कोणाचं ऐकू? आणि बालवाडीच्या डब्यात काय देऊ?

सासूबाईंचं निम्मं ऐका. भाजी किसून, वाटून, पिठात मळून द्यायला माझी काहीच हरकत नाही. फक्त वरणात नको.

कारण सांगते. तुमचा मुलगा मोजकेच पदार्थ खातो आणि त्यातला सगळ्यात कामाचा पदार्थ म्हणजे ते वरण. डाळीची प्रथिनं, वरून घातलेलं तूप, भातासोबत पोटात जाणाऱ्या कॅलरी, सगळं त्या एका वाटीवर उभं आहे. कोथिंबिरीचं पान वेचून काढणारं मूल घास तपासूनच तोंडात घालतं. पालक कितीही बारीक वाटला तरी रंग बदलतो, वास बदलतो, एखादा हिरवा धागा राहतोच. एक दिवस तो धागा सापडतो आणि दुसऱ्या दिवसापासून वरण बंद. मग नुसतं घरचं साधं वरण केलं तरी मूल चमच्यात निरखून बघत बसतं. वरण असं तुटलेली घरं माझ्याकडे नेहमी येतात, आणि ते परत सुरू करायला भाजी सुरू करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून ज्या दोन-तीन पदार्थांवर मूल तगून आहे, त्यांना हात लावायचा नाही. प्रयोग करायचे ते नव्या पदार्थात, किंवा ज्याच्यावाचून अडणार नाही अशा पदार्थात. थालीपीठ, धिरडं, आप्पे, कटलेट यांनी उद्या नकार ओढवून घेतला तरी बिघडत नाही.

नवऱ्याचंही थोडं खरं आहे. दूध-बिस्किटांनी पोट भरलेलं असलं की भाजीला जागाच उरत नाही, त्याबद्दल पुढे लिहिते. पण “उपाशी ठेवा, आपोआप खाईल” हे सगळ्या मुलांना लागू होत नाही. काही मुलं दोन-दोन वेळा जेवण टाळतात आणि चिडचिडी होऊन तिसऱ्या वेळी आणखीच कमी खातात. वजनाने मुळात बारीक असलेल्या मुलावर हा उपाय मी कधीच सुचवत नाही.

आता कोथिंबिरीकडे नीट बघा, कारण सगळी किल्ली तिथे आहे. पोह्यातली कोथिंबीर वेचून टाकणाऱ्या मुलाला कुरकुरीत तळलेली कोथिंबीर वडी देऊन बघा. बरीच मुलं खातात. वडीत तर कोथिंबीर पोह्यांच्या कितीतरी पट असते! मग नको होतं ते काय? या वयात मुलांना नको असतो तो मधेच लागणारा वेगळा तुकडा. मऊ पोह्यात ओलसर पान, गुळगुळीत खिचडीत गाजराची फोड, उपम्यात कढीपत्त्याचं देठ. घास एकसारखा असेल तर तोच पदार्थ चालतो. म्हणूनच भेंडीची बुळबुळीत भाजी नाकारणारी मुलं कुरकुरीत भेंडी मटामट खातात, आणि फ्लॉवर-वाटाण्याला नाक मुरडणारी मुलं पावभाजीवर तुटून पडतात. पावभाजीत सगळ्या भाज्या असतात हे त्यांना माहीत असतं, घरात कोणी ते लपवलेलं नसतं.

म्हणून मी आईवडिलांना सांगते, तुकडा लपवा, नाव लपवू नका. भोपळा किसून धिरड्यात घातला तर “आज भोपळ्याचं धिरडं” असंच म्हणायचं. भाषण नको, “बघ, तू भाजी खाल्लीस की नाही!” असा विजयोत्सवही नको. त्याने विचारलं “यात काय आहे?” तर खरं सांगायचं. नाही विचारलं तर जेवताना पदार्थाची यादी वाचून दाखवायची गरज नाही. फसवणूक होते ती “यात काहीच नाही रे” असं म्हटल्यावर, आणि साडेतीन वर्षांचं मूल ते वाक्य लक्षात ठेवतं.

दोन ते सहा या वयात नव्या चवीला घाबरणं हा वाढीचा टप्पाच आहे. वर्षाच्या आतलं बाळ डांगर, बटाटा, रताळं काहीही गिळतं आणि दोन वर्षं झाली की तेच तोंड घट्ट मिटतं, त्यामुळे आईला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं. शिवाय लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा तीव्र लागते आणि काहींमध्ये ती आनुवंशिकतेने आणखी तीव्र असते. मेथी, कारलं, कोबी, सिमला मिरची या भाज्या त्यांना खरोखरच आपल्याला लागतात तशा लागत नाहीत. म्हणून सुरुवात गोडसर भाज्यांनी करावी: लाल भोपळा, गाजर, रताळं, मटार, बीट. मेथीशी पहिली ओळख करून देण्याचं वय हे नव्हे.

भाजी घातली म्हणजे भाजी गेली असं आपण धरून चालतो, तेव्हा एकदा हिशोब मांडा. पालकाची जुडी निवडली की साधारण २०० ग्रॅम पाला निघतो. तीन वाट्या कणकेत तो मळला तर पंचवीसेक पुऱ्या होतात. म्हणजे एका पुरीत आठ ग्रॅम पालक. मुलाने तीन पुऱ्या खाल्ल्या तर पंचवीस ग्रॅमही नाही, आणि तेल मात्र भरपूर. पालकात लोह १०० ग्रॅमला सुमारे ३ मिलिग्रॅम, म्हणजे त्या तीन पुऱ्यांतून पाऊण मिलिग्रॅम, त्यातलंही पालकातल्याच ऑक्झलेट या द्रव्यामुळे शरीराला लागतं ते अगदी थोडं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८ मिलिग्रॅम आणि ४ ते ६ वर्षांच्या मुलाला ११ मिलिग्रॅम लोह हवं. हिरव्या पुरीवर विसंबून राहिलात तर हा आकडा गाठणार नाही. पुरी द्या, आवडीने द्या, पण “आज पालक झाला” असं मनात लिहून घेऊ नका.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये २ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी फळं आणि भाज्या मिळून दिवसाला किमान २५० ग्रॅम असा आकडा दिला आहे. एक केळं आणि सोबत अर्धा पेरू किंवा दोन-चार संत्र्याच्या फोडी यांतून निम्मं भागतं. उरलेले शंभर-सव्वाशे ग्रॅम भाजीचे. फळं खाणाऱ्या मुलाच्या आईला मी इथेच थोडी निर्धास्त करते, कारण क जीवनसत्त्व, तंतुमय पदार्थ यांचा बराच भाग फळंही देतात.

दुसरा गैरसमज दुधीचा. लपवायला सगळ्यात सोपा म्हणून सगळ्या घरांत दुधीच लपवला जातो. रंग नाही, वास नाही, वितळून जातो. पण दुधीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. तो वाईट नाही, पोटाला हलका आहे, पण एवढी खटपट करायचीच तर ती लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला, राजगिरा, माठ यांच्यासाठी करा. शेवग्याच्या पाल्यात कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) आणि कॅल्शियम दोन्ही भरघोस असतं. ताजा पाला मिळाला की सावलीत खडखडीत वाळवून मिक्सरमधून काढा, बारीक चाळणीने चाळा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. थालीपिठाच्या पिठात चमचाभर, मेतकुटात चिमूटभर. वाळवल्यावर हिरवट वास बराच कमी होतो. विकतच्या “पालक चिप्स” आणि “बीट नूडल्स”वर पैसे घालवण्याआधी पाकिटाच्या मागचे घटक वाचा. भाजीची पावडर बहुतेकदा यादीत तळाशी असते, मिठाच्या आसपास.

आता एक मुद्दा जो या विषयावर बोलताना सहसा सुटतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांच्या गटाने २०११ मध्ये ३ ते ५ वर्षांच्या मुलांवर नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध केला. रोजच्या पदार्थांत वाटलेल्या भाज्या मिसळल्या. मुलांनी पदार्थ नेहमीएवढाच खाल्ला, भाज्या बऱ्याच जास्त पोटात गेल्या, आणि दिवसभरातल्या कॅलरी सुमारे १२ टक्क्यांनी घटल्या. तिथे ही आनंदाची बातमी होती, कारण तिथली चिंता लठ्ठपणाची. आपल्याकडे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. अशा मुलाच्या थालीपिठात अर्धा दुधी घातला की त्याचं पोट तेवढ्याच आकारमानात भरतं, पण आत पाणी जास्त आणि पीठ कमी. म्हणून बारीक मुलाच्या प्रत्येक भाजीमिश्रित पदार्थात काहीतरी दाट घालायचं: शेंगदाण्याचा कूट, तिळाचा कूट, बेसन, चीज किंवा पनीर, वरून तुपाचा चमचा. तूप इथे चवीपुरतं नाही. भोपळ्या-गाजरातलं कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतोच. मूल अंगाने भरलेलं असेल तर तूप आवरतं घ्या, भाजी वाढवा.

स्वयंपाकघरात प्रत्यक्ष कसं करायचं त्यात थालीपीठ माझं पहिलं. अर्धी वाटी भाजणी आणि तेवढाच दाबून भरलेला भोपळ्याचा किंवा गाजराचा किस, दोन लहान थालीपिठं होतात आणि एकात पंचवीस-तीस ग्रॅम भाजी बसते. किसाला मीठ लावून पाच मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी पिळून फेकू नका, त्यातच भाजणी भिजवा. बाहेरचं पाणी बहुतेक वेळा लागतच नाही. मळून ठेवलेलं पीठ सैल पडत जातं, म्हणून मळलं की लगेच थापायचं. कांदा बारीक चिरून नको, किसून घाला, नाहीतर तो मधेच लागणारा तुकडा परत आला. भाजणी पोटाला जड वाटत असेल तर ज्वारीचं पीठ आणि थोडं बेसन चालतं.

धिरड्यासाठी हिरवे मूग भिजवून वाटताना मूठभर पालक त्यातच टाका. मुगाचं धिरडं मुळातच हिरवं असतं, त्यामुळे रंगाची तक्रार येत नाही. ज्याला हिरवा रंगच नको त्याच्यासाठी सालाशिवायची मूगडाळ आणि गाजर. आप्पे आणि इडलीच्या पिठात बारीक किस मावतो, पण पाव भागाच्या वर गेलात की इडली बसते. आंबोळी, घावन यांचं पातळ पीठ जाळीदार व्हायला हवं, त्यात किस घातला की ते फाटतं, तिथे वाटलेलीच भाजी घाला. बटाट्याच्या पराठ्याच्या सारणात तिसरा हिस्सा फ्लॉवर सहज जातो. मात्र फ्लॉवर आणि कोबी जितके जास्त शिजवाल तितका त्यांचा गंधकाचा वास बाहेर येतो आणि मूल पराठा फोडायच्या आत ओळखतं. दोन-तीन मिनिटं वाफ, कोरडं करून कुस्करायचं, आल्याचा किस आणि जिरेपूड. बिटाला मातीसारखा वास असतो, तो दह्याने आणि लिंबाने दबतो. बिटाचा पराठा दिल्याच्या दुसऱ्या दिवशी लघवी किंवा शी लालसर दिसली तर घाबरू नका, तो बिटाचाच रंग. तसंच महिनोन्‌महिने रोज भोपळा-गाजर खाणाऱ्या मुलाचे तळहात पिवळसर होतात. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल तर ती कावीळ नाही, भाज्या बदलत राहा एवढंच.

भोपळ्याचे घारगे मुलांना आवडतात आणि आपण ते नाव घेऊनच करतो, लपवाछपवी नाही. गोड घारग्यात गूळ बराच जातो, म्हणून आठवड्यातून एकदा. एरवी तोच भोपळा वाफवून त्यात मीठ, जिरं, ओवा घालून तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा पोळ्या. कोकण-गोव्याकडच्या वाचकांना तवसाळी माहीत असेलच, मोठ्या काकडीचा तो केक मुलांच्या पार्टीत ठेवला तर काकडी आहे हे सांगूनही संपतो. चकोल्या, म्हणजे वरणफळं, हाही चांगला मार्ग, कारण मुलाच्या मनात तो वरण-भाताहून वेगळा पदार्थ आहे. त्याच्या आमटीत भोपळा डाळीबरोबर कुकरला लावून रवीने घोटला की तुरीच्या डाळीच्या रंगात मिसळून जातो. (सासूबाईंना सांगा, वरणाची हौस इथे भागवून घ्या.) चिंच-गूळ असलेल्या आमटीत भोपळ्याचा गोडवा वेगळा जाणवतही नाही.

तीन गोष्टी मात्र टाळा. पालक हिरवागार राहावा, डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालू नका, त्याने क आणि ब गटातली काही जीवनसत्त्वं नष्ट होतात. भाजी उकडून पाणी ओतून देऊ नका. आणि दुधी, काकडी, दोडका, घोसाळी चिरताना प्रत्येक वेळी एक कच्चा तुकडा स्वतः चाखा. कडू लागला तर ती पूर्ण भाजी फेकायची, गूळ घालून कडूपणा मारायचा नाही. या वेलभाज्यांत कधीकधी तयार होणारं कडू द्रव्य विषारी असतं, शिजवल्याने ते जात नाही, आणि कडू दुधीच्या रसाने माणसं दगावल्याची प्रकरणं आपल्या देशात झाली आहेत. भाजी लपवणाऱ्या घरात हा धोका जास्त असतो, कारण मसाला आणि गूळ घालून आपण मुलाची धोक्याची सूचना देणारी जीभच गप्प करत असतो. आणखी एक: चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे किंवा कच्च्या गाजराचे जाड तुकडे देऊ नका, घशात अडकतात. किसलेलं गाजर आणि कूट चालतो.

एवढं सगळं केलं तरी किसलेल्या भोपळ्याने मुलाला भोपळ्याची भाजी खाता येत नाही. ती ओळख डोळ्यांनी, नाकाने, हाताने व्हावी लागते, आणि एकच भाजी ताटात आठ-दहा-पंधरा वेळा दिसल्यावर ती व्हायला लागते. आपण तिसऱ्या वेळी “याला आवडत नाही” म्हणून थांबतो. तेव्हा ज्या दिवशी भोपळ्याचं थालीपीठ, त्याच दिवशी ताटात भोपळ्याच्या भाजीची एक फोड. एकच, तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. खाल्ली तर ठीक, हुंगून ठेवली तर ठीक, चाटून थुंकली तरी ठीक. जवळ एक रिकामी वाटी ठेवा, नको ते त्यात टाकायचं. ताटाबाहेर फेकण्यापेक्षा हे बरं, आणि टाकण्यासाठी का होईना, तो भाजीला हात लावतो.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मांडलेली कामाची वाटणी मी घरोघरी सांगते: काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. ऐकायला सोपं आहे, आपल्या घरांत फार अवघड जातं. आपल्याकडे एक घास काऊचा, एक घास चिऊचा करत, बाल्कनीतून गॅलरीत, मागे-मागे फिरत भरवणं हीच माया मानली जाते, आणि आजीच्या हातून ती काढून घेणं मलाही जमलेलं नाही. मधला मार्ग असा: वरण-भात आजीने भरवावा, भाजीचा घास मात्र कोणीही तोंडात कोंबू नये. ती फक्त ताटात दिसावी. मोबाईल दाखवून भरवणं मात्र बंदच करा. पडद्याकडे बघणारं मूल काय खातंय ते बघतच नाही, मग ओळख कसली होणार?

दोन-तीन आठवडे थालीपीठ सुरळीत चाललं की किसणीची बाजू बदला. बारीक भोकांकडून मोठ्या भोकांकडे. पुढे अगदी बारीक चिरून, मग त्याहून मोठं. वाटलेली भाजी वर्षभर वाटूनच देत राहिलात तर मूल चावायलाही कंटाळतं. साडेतीन वर्षांच्या मुलाने जेवणात काहीतरी कुरकुरीत, काहीतरी चावावं लागणारं खाल्लंच पाहिजे. मटार सोलणं, पालकाची पानं खुडणं, कणकेचा गोळा मळणं ही कामं त्याला द्या. स्वतः सोललेल्या मटारांतले निम्मे तिथेच कच्चे संपतात, ते जेवणातच धरा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी होते ना, हरभरा, गाजर, वांगं, वालाच्या शेंगा, तिळाचा कूट, सोबत बाजरीची भाकरी. त्या बाजारहाटाला त्याला सोबत न्या आणि त्यातली एक भाजी त्याला निवडू द्या.

आता दूध. “दूध आणि बिस्किटं” एवढंच लिहिलंय, किती ते नाही, पण अशा प्रश्नांत बहुतेकदा तीन-चार मोठे कप निघतात. या वयाला दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर पुरे, त्यात दहीही आलं. त्याहून जास्त दूध भूक मारतं, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच, उलट जेवणातल्या लोहाच्या शोषणात ते अडथळा आणतं. मुलाला साखरेची पावडर घालून गिलासभर दूध द्यायचं आणि मग जेवत नाही म्हणून भाज्या लपवायच्या, हे मला उलटं वाटतं. बाटली अजून चालू असेल तर आधी ती बंद. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर, मधे फक्त पाणी. चहाचा घोटही नको, त्याने लोह आणखी कमी शोषलं जातं. बिस्किटाचा पुडा घरात न आणणं हे पुडा लपवून ठेवण्यापेक्षा सोपं आहे. भाजीच्या आघाडीवर काहीही न बदलता नुसतं दूध आणि बिस्किटं आवरल्यावर पंधरवड्यात जेवण सुधारलेली मुलं मी कितीतरी बघितली आहेत.

लोहाचा प्रश्न मात्र थालीपिठावर सोपवू नका. त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या जवळपास ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. दूध, भात आणि बिस्किटांवर राहणारं मूल त्यात असण्याची शक्यता चांगलीच मोठी. एकदा बालरोगतज्ज्ञांकडून हिमोग्लोबिन तपासून घ्या. अंगणवाडी आणि आशाताईंमार्फत पाच वर्षांखालच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप मिळतं, ते घेत नसाल तर विचारा. जंतनाशक गोळी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास अंगणवाडीत दिली जाते. घरात नाचणी, राजगिरा, मटकी, हळीव, तीळ फिरते ठेवा, आणि मांसाहारी असाल तर खिमा किंवा मटणाचा मऊ शिजवलेला तुकडा लोहासाठी कुठल्याही पालेभाजीपेक्षा सरस आहे. शाकाहारी जेवणावर लिंबू पिळा किंवा सोबत पेरू, आवळा द्या, क जीवनसत्त्वाने डाळी-पाल्यातलं लोह अंगी लागतं. लिंबू शेवटी पिळायचं, शिजताना नाही.

मूल माती, खडू, भिंतीचा चुना खात असेल, वजन वाढायचं थांबलं असेल, आधी खात असलेले पदार्थ एकेक करून सोडत असेल, तुकडा दिसताच ओकाऱ्या काढत असेल, किंवा बोलणं-मिसळणं यांतही मागे वाटत असेल, तर हा भाजीचा प्रश्नच नाही. तिथे पाककृती शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

राहिला डबा. डब्यात नवा पदार्थ कधीच देऊ नका. तिथे गडबड असते, शेजारचा मुलगा “ई, हे काय हिरवं!” म्हणतो, आणि तेवढ्या एका शब्दाने तुमची महिनाभराची मेहनत जाते. नवं काही असेल ते घरी, संध्याकाळी पाच-साडेपाचला, जेव्हा भूक खरी असते आणि घाई नसते. घरी चार-पाच वेळा निर्धास्त खाल्लेला पदार्थच डब्यात जातो. सोमवारी भोपळ्याच्या तिखटमिठाच्या पुऱ्या, मंगळवारी गाजराचे आप्पे, बुधवारी नुसती तूप-पोळी आणि केळं, कारण एक दिवस त्याच्या मनासारखा असावा. गुरुवारी मुगाचं धिरडं गुंडाळून, आत पनीरचा कीस. शुक्रवारी दुधी आणि शेंगदाण्याच्या कुटाचं थालीपीठ, नाण्याएवढं लहान थापून, दोन्ही बाजूंनी खरपूस. गरम डबा बंद केला की आत वाफ धरते आणि कुरकुरीत पदार्थ ओला होतो, मग पोत बदलला म्हणून तो परत येतो. पूर्ण निवल्यावरच भरा. ओली चटणी वेगळ्या डबीत द्या किंवा देऊच नका. डबा अर्धा परत आला तर शाळेच्या दारात चौकशी करू नका, घरी येऊन उरलेलं काय ते बघा आणि उद्याच्या डब्यात ते थोडं कमी भरा.